गाणं सुरू झालं की गोष्ट थांबते का?

तिसरी घंटा
संगीत नाटकाचं मला लहानपणापासून वेड आहे, म्हणूनच हे लिहिते आहे. पद, म्हणजे नाटकातलं गाणं, सुरू झालं की माझं लक्ष गाणाऱ्यापेक्षा समोर उभ्या असलेल्या नटाकडे जातं. मागे एका प्रयोगात नायिकेला वाईट बातमी कळते असा प्रवेश होता. ऑर्गनने सूर धरला, तिने बातमी आणणाऱ्याकडे पाठ केली आणि प्रेक्षकांकडे तोंड करून पद घेतलं. गायली सुरेख. वन्समोअर आला, तिने पुन्हा घेतलं. तो नट तेवढा वेळ हातात चिठ्ठी धरून उभा. आधी तिच्याकडे बघत होता, मग जमिनीकडे, शेवटी विंगेकडे. दुसऱ्यांदा टाळ्या ओसरल्यावर ती त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "कधी झालं हे?" तोवर माझ्या मनातून त्या बातमीचा धक्का पार उतरला होता.

माझी आवड सरळ सांगते. गाणं संपताना पात्र जिथे होतं तिथेच राहिलं असेल, तर ते गाणं मी मैफलीत ऐकेन, नाटकात मला ते नको. किर्लोस्करांच्या 'सौभद्र'मध्ये (१८८२) पदं शंभराहून जास्त, पण बरीचशी आटोपशीर. साकी, दिंडी असल्या छोट्या छंदातलं काही म्हटलं, की लगेच पुढचं वाक्य. पात्रं पदातच रुसतात, विनवतात, एकमेकांना टोमणे मारतात. १९११च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी ख्याल-ठुमरीच्या अंगाच्या चाली दिल्या. चाली अप्रतिमच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण तिथून पुढे पद पात्राच्या हातून निसटून गायकाकडे गेलं, असं मला वाटतं.

मंद्रसप्तक
अजिबात पटलं नाही. बातमी कानावर पडायला दोन क्षण लागतात, आत उतरायला कितीतरी वेळ लागतो. गद्य नाटकात तो वेळ कुणी देत नाही, पात्र हंबरडा फोडतं की प्रवेश पुढे सरकला. गाणं तो वेळ देतं. तुम्ही म्हणता गोष्ट थांबली, मी म्हणतो तिथे ती खोल गेली. आणि चिठ्ठीवाल्या नटाला उभं कसं करायचं हे बघणं दिग्दर्शकाचं काम होतं, त्याचा राग पदावर का?

शिवाय 'पुढे काय होणार' यासाठी नाटकाला जातो कोण? सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे पडदा उघडायच्या आधी सगळ्यांना ठाऊक असतं. गीतरामायण घ्या. १९५५च्या १ एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर एकामागून एक ५६ गीतं झाली. सीता सापडते की नाही हे कळावं म्हणून कुणी रेडिओपाशी बसलं नसेल. माडगूळकरांचे शब्द आणि बाबूजींचा सूर कानांत साठवायला लोक बसले.

तिसरी घंटा
गीतरामायण तर माझ्याच बाजूने साक्ष देतं! भरत रामाला परत न्यायला वनात आलाय, हट्टाला पेटलाय. त्यावर रामाचं उत्तर हे आख्खं एक गीत आहे. कडव्याकडव्याने राम त्याचा एकेक आधार काढून घेतो: दोष कुणाचा नाही, संयोगामागे वियोग येतोच, मरण कुणाला चुकलेलं नाही. आणि पुढच्या गीतात भरत काय मागतो? पादुका. भाऊ मागायला आलेला माणूस पादुकांवर आला, तो गाण्यामुळे आला. गोष्ट मला माहीत होती हे खरं, पण गाण्याने ती माझ्यासमोर घडवली. याला मी थांबणं म्हणत नाही.

नेपथ्य
तुम्ही दोघंही बोलणं आणि गाणं असे दोन कप्पे मानून चाललाय. मला तो सांधाच खुपतो. बोलता बोलता माणूस गायला लागला की मी दचकतो, गाता गाता बोलायला लागला की पुन्हा दचकतो. म्हणून मला पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत गायलेलं आवडतं. १९६४चा 'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर' हा फ्रेंच चित्रपट बघा, दिग्दर्शक जाक दमी, संगीत मिशेल लग्रां. सुरुवात गॅरेजमध्ये होते. गिऱ्हाईक गाडी न्यायला आलंय, आणि इंजिनाविषयीचं बोलणंसुद्धा गाऊनच. एक मेकॅनिक तर गातच सांगतो की त्याला ऑपेरा आवडत नाही, सिनेमा बरा. पाचव्या मिनिटाला आपण विसरतो की हे गाताहेत. मग नायक-नायिका स्टेशनवर एकमेकांचा निरोप घेतात, तेव्हा तोच सूर काळीज कापत जातो, कारण गाडीच्या इंजिनापासून तो आपल्या अंगवळणी पडलेला असतो. 'हॅमिल्टन' या अमेरिकन संगीत नाटकात (२०१५) मंत्रिमंडळातले वाद रॅपमध्ये होतात, तिथेही हेच.

मंद्रसप्तक
सगळंच गायचं तर गाण्याला वजन कशाने येणार? बोलण्याची जमीन लागते, तेव्हा उडी दिसते.

कोरा कागद
मला मुळात हे पचत नाही. माणसं दुःखात गात नाहीत.

तिसरी घंटा
@कोरा कागद, गातात की. 'एकच प्याला'मधली (१९१९) सिंधू आठवा. दारूपायी घर बसलंय, ही बाई लोकांचं दळण दळतेय. जवळ मूल आहे. जात्याचा खुंटा हातात आणि तोंडी साधं, ओवीच्या चालीचं गाणं. शब्द काय, तर चंद्र, बाग, चाफा. दुःखाचा उल्लेखही नाही. जात्याची फेरी आणि गाण्याची ओळ बरोबरीने फिरतात. गाणं थांबलं तर हात थांबेल, हात थांबला तर मूल उपाशी राहील. मला याहून खरं गाणं कुठल्याच नाटकात सापडलेलं नाही.

पायपेटी
'कट्यार काळजात घुसली'चं (१९६७) नाव अजून कसं नाही आलं? तिथे हा वाद एका झटक्यात मिटतो, कारण नाटककार दारव्हेकरांनी गोष्टच गाण्याची घेतली, दोन घराण्यांच्या गायकांमधली. कट्यार हा उत्तम गायकाचा मान, तेव्हा गाणं हीच लढाई. संगीतकार अभिषेकीबुवांनी एकच पद दोन चालींत बांधलं. पंडितजींच्या घराण्यात ते सावकाश उमलत जातं, खाँसाहेबांच्या गळ्यात झेप घेत येतं. शब्द तेच. दोन माणसांतला फरक सांगायला एकही संवाद लागत नाही. खाँसाहेबांची भूमिका करणाऱ्या वसंतराव देशपांड्यांची तान जितकी लांबेल तितके खाँसाहेब जास्त कळतात. म्हणजे गायकाला मोकळं सोडूनही पात्र हरवत नाही.

आणि गाणी कमी करण्याचा प्रयोग जुनाच आहे. १९३३मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त मोजकीच गाणी होती, केशवराव भोळ्यांच्या भावगीताच्या वळणाच्या चाली. नाटक गाजलं, पण पदांची तहान त्याने भागली नाही.

तिसरी घंटा
कट्यारीपुढे मी हरले, मान्य. तिथली तान लांब वाटली तर दोष माझ्या कानाचा. पण बाकीच्या नाटकांत माझी अट कायम. आणि वन्समोअर तर नकोच. भरत एकदा पादुका घेऊन निघाला की त्याला परत बोलावून पुन्हा समजूत घालायची का?

मंद्रसप्तक
तुमच्या त्या जात्यावरच्या गाण्याला मी वन्समोअर दिला, तर?

तिसरी घंटा
तिथे द्या. दळण संपलेलं नसतं.