मदत हवी आहे: भाच्याचा हात जन्मापासून लुळा, बेळगाव भागात कुणाला दाखवायचं?

संकेश्वरचा_मामा
भाच्याचा हात जन्मल्यापासून नुसता लोंबकळतोय. डॉक्टर "थांबा, येईल" एवढंच म्हणायलेत. किती थांबायचं? बालरोगवाले हाडांच्या डॉक्टरकडं पाठवतात, ते म्हणतात न्यूरोला दाखवा. बेळगाव, मिरज, हुबळी, कुठंही न्यायची तयारी आहे. नेमकं कुणाकडं ते सांगा. माहीत असणाऱ्यांनीच लिहा.

टिळकवाडी_फिजिओ
बाळ किती महिन्यांचं? कुठला हात? बोटं हलतात का? बाळंतपणात काही अडलं होतं का? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर सांगायचं काय?

शहापूरची_अक्का
आमच्या नणंदेच्या पोरीचं अगदी असंच होतं. हाडवैद्याकडून खांदा बसवून घेतला, तेल लावलं, महिन्याच्या आत पोर हात नाचवायला लागली. उगीच ऑपरेशनच्या नादी लागू नका.

टिळकवाडी_फिजिओ
अक्का, त्या पोरीचं कॉलर बोन, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड, मोडलं असणार. तान्ह्या बाळाचं ते हाड दोन-तीन आठवड्यांत आपलं आपण जुळतं. दुखतंय म्हणून तोवर बाळ हात हलवत नाही, आणि नाव हाडवैद्याचं होतं. इथं नस ताणलेली असेल तर ओढाओढीनं आणखी वाटोळं होईल.

शहापूरची_अक्का
शिकलेल्यांना सगळंच खोटं वाटतंय. असू दे.

संकेश्वरचा_मामा
अहो मी मामा, मला कुठलं एवढं माहीत? ताईला फोन करून विचारलं. उजवा हात. बाळंतपण नॉर्मल, पण डोकं बाहेर आल्यावर खांदा अडकला होता. वजन चार किलोच्या वर. ताईला शुगर होती. बोटं हलतात, माझं बोट घट्ट धरतो की. पण कोपर वाकत नाही. हात सरळ अंगाला चिकटलेला, तळवा मागं वळलेला. पुढच्या आठवड्यात तीन महिने भरतील.

निपाणीकर_पाटील
महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये ८६५ सीमागावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना, म्हणजे मोफत उपचाराची, जाहीर केली आहे. गाव यादीत आहे का बघा. कोल्हापूरला जावा.

बैलहोंगल_बॉय
जाहीर केली, मिळाली कुणाला? बीपीएल कार्ड असेल तर इथली आयुष्मान आरोग्य कर्नाटक बघा आधी.

निपाणीकर_पाटील
कुणामुळं मिळाली नाही तेपण लिहा की.

टिळकवाडी_फिजिओ
भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या.
मामा, आता चित्र स्पष्ट झालं. मानेतून हाताकडं पाच नसांचं जाळं जातं, त्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. खांदा अडकला की ते ताणतं. बोटं चालतात म्हणजे खालच्या नसा शाबूत दिसतात. मार वरच्या दोन नसांना, सी५-सी६ ला असावा. अशी बरीच बाळं आपोआप सुधारतात, म्हणून "थांबा" म्हणणारे चुकीचं सांगत नाहीत. पण थांबायलाही मुदत असते. तीन महिने भरताना कोपर स्वतःहून वाकतं का, हे बघायचं. वाकत नसेल तर हे काम नेहमी करणाऱ्या सर्जनलाच दाखवा. आपल्याकडं ते बहुतेक प्लास्टिक किंवा हँड सर्जरीत असतात, साध्या हाडांच्या ओपीडीत नाहीत. दाखवलं म्हणजे लगेच ऑपरेशन असं नाही. पण करायचं ठरलं तर ते साधारण ३ ते ९ महिन्यांच्या वयात करतात. त्या बाजूची पापणी पडलेली दिसते का? तसं असेल तर एक दिवस थांबू नका.
तोवर रोज: दंड अंगाला टेकवा, कोपर काटकोनात, खांद्यामागचं पाठीवरचं चपटं हाड हातानं दाबून धरा आणि हात हळूच बाहेरच्या अंगाला फिरवा. लंगोट बदलताना दर वेळी. हे राहिलं तर नस सुधारूनही खांदा आखडतो. झबलं घालताना हा हात आधी, काढताना शेवटी. काखेत धरून उचलू नका.

प्रभाकर_६२
मलाही उजवा खांदा वर जात नाही, शुगर आहे. हाच व्यायाम चालेल का?

खानापूरची_आई
प्रभाकर काका, तुमचं फ्रोझन शोल्डर असेल, वेगळं विचारा.
मामा, आम्ही कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलला गेलो होतो. पोटरीतली नस काढून मानेत जोडली. ऑपरेशन झालं की हात हलेल अशी आशा धरू नका. नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते, कोपर वाकायला कितीतरी महिने गेले. आता लेक पोळी लाटते. हात पूर्ण वर जात नाही, वेणी मी घालते.

बैलहोंगल_बॉय
एवढ्या लांब कशाला? मुंबई-पुण्यात नाहीत का सर्जन?

खानापूरची_आई
आहेत की. पण हेच काम नेहमी करतात का, ते विचारूनच जावा. आम्ही आधी एका ठिकाणी नुसत्या मशीनच्या शेकात वेळ घालवला.

संकेश्वरचा_मामा
पापणी ठीक आहे. ताई म्हणते नसांची करंटची टेस्ट आधी करून घेऊया. करू काय?

टिळकवाडी_फिजिओ
ईएमजी म्हणायचंय तुम्हाला. ती सर्जन सांगेल तेव्हा करा. एवढ्या लहान बाळात ती कधी कधी आहे त्यापेक्षा बरं चित्र दाखवते, त्यावर विसंबून भेट पुढं ढकलू नका. कॉलर बोनचा एक्स-रे काढला नसेल तर काढा. आणि महिन्यातून एकदा, उजेडात, झबलं काढून दोन्ही हातांचा व्हिडिओ घ्या. तोंडाशी हात नेतोय का ते त्यात दिसू दे.

खानापूरची_आई
तायी कार्ड (कर्नाटकात गरोदर बाईला मिळतं ते सरकारी कार्ड) आणि बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड बरोबर ठेवा. खांदा अडकल्याचं त्यात लिहिलंय का, आत्ताच बघून घ्या.