प्रतिसाद: ३२ जी मॉड्यूल टाकल्यावर सीआरसी एरर

१६ जी एफसीवर (फायबर चॅनेल, म्हणजे सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारं नेटवर्क; १६ जी, ३२ जी ही त्याच्या वेगाची नावं) नीट चालणारी लिंक ३२ जी एसडब्ल्यू (शॉर्टवेव्ह, कमी अंतराचं) ऑप्टिकल मॉड्यूल टाकताच सीआरसी एरर (डेटाची फ्रेम वाटेत बिघडल्याची खूण) देते म्हणून मॉड्यूल खराब, असं लगेच ठरवू नका. आधी केबल मोजा. ओएम३ वर (ओएम३, ओएम४ हे फायबर केबलचे प्रकार) १६ जीला १०० मीटर मिळतात, ३२ जीला फक्त ७०. ओएम४ वर १२५ चे १०० होतात. हे आकडे दीड डीबी कनेक्टर लॉस (जोडांमध्ये घटणारा प्रकाश) धरून आहेत. मध्ये तीन-चार पॅच पॅनल असतील तर अंतर आणखी घटतं.

ब्रोकेड कंपनीचा स्विच असेल तर लगेच statsclear देऊन एररचे आकडे पुसू नका, आधी 'पोर्टएररशो' कमांडने ते बघा. 'सीआरसी जी_ईओएफ' (फ्रेम बिघडलेली, पण तिच्या शेवटची खूण ठीक) वाढत असेल तर गडबड याच लिंकवर आहे. नुसता 'सीआरसी एरर' वाढत असेल तर फ्रेम मागूनच खराब होऊन आली. मग 'एसएफपीशो' कमांडमध्ये दोन्ही टोकांची आरएक्स पॉवर (मॉड्यूलला मिळणारा प्रकाश) ताडून पाहा.

एलसी कनेक्टर (केबलचं टोक) पेन क्लीनरने पुसा, मॉड्यूलचं तोंडही. बहुतेक वेळा तिथेच सुटतं. शर्टाला पुसणारे महाभाग असतातच!

आणि हो, ३२ जी मॉड्यूल ८ जीच्या खाली उतरत नाही. जुन्या ४ जी एचबीएसाठी (सर्व्हरमधलं फायबर चॅनेल कार्ड) १६ जीचंच ठेवा.