पाच महिन्यांचा एकटीचा प्रवास, 48 वस्तूंची यादी आणि दोन आठवड्यांची सेवा

आडवाट
काल या मंचावर ‘पाऊलखुणा’ यांनी आपल्या पाच महिन्यांच्या एकटीच्या परदेश प्रवासाची तयारी सविस्तर मांडली. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया आणि अखेरीस नेपाळ असा मार्ग असून मध्ये दोन आठवडे कंबोडियातील सियाम रीप येथील एका अनाथाश्रमात इंग्रजी शिकवण्याचा त्यांचा बेत आहे, आणि त्यासाठी त्या संस्थेला त्यांनी 450 डॉलर मोजले आहेत. सोबत 48 वस्तूंची यादी आहे. अनेकांनी यादीची वाहवा केली. एकाने तर ‘इमिग्रेशनवर शिकवण्याचे काही बोलू नका, फिरायला आले एवढेच सांगा’ असा सल्ला दिला. तो वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून हे उत्तर लांबले तर क्षमस्व.

झटपट वाळणाऱ्या टॉवेलपासून शिट्टीपर्यंत सर्व काही यादीत आहे, मात्र आपण ज्या मुलांसमोर उभे राहणार ती कोण, हा प्रश्न कोठेही नाही. कंबोडियात 2005 ते 2010 या काळात अनाथाश्रम सुमारे 75 टक्क्यांनी वाढले, आणि याच काळात अनाथ मुलांची संख्या मात्र घटत होती. पुढे झालेल्या पाहणीत अशा संस्थांतील किशोरवयीन मुलांपैकी पाचात जवळपास चौघांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले. शिक्षण मिळेल या आशेने गरीब पालक मूल पाठवतात, पाहुण्यांच्या पैशावर संस्था चालते, आणि मग ते मूल घरी परत जाणे संस्थेला परवडत नाही. त्यातून पर्यटन व्हिसा 30 दिवसांचा आणि फिरण्यापुरता असतो. शिकवायचे तर वेगळ्या वर्गाचा व्हिसा लागतो. संस्थेने पोलीस पडताळणीचा दाखला मागितला का, असे मी काल विचारले, तेव्हा ‘फक्त पासपोर्टची प्रत मागितली’ असे उत्तर मिळाले. दोन आठवड्यांसाठी आलेल्या अनोळखी माणसाला आपल्या गावातील कोणती शाळा वर्गावर सोडील?

पाऊलखुणा
आडवाट काका, यादी सामानाची होती, म्हणून तीत सामान होते. तीन वर्षे पैसे साठवून आणि नोकरीचा राजीनामा देऊन मी निघाले आहे. गेली दोन वर्षे दर रविवारी आमच्या भागातील बांधकाम मजुरांच्या मुलांना मी शिकवते, त्यामुळे फळ्यासमोर उभे राहण्याची मला सवय आहे. संस्थेचा नोंदणी क्रमांकही मी मागवून घेतला आहे. आपण दिलेले आकडे जुने आहेत, आणि ते वाचून प्रत्येकाने पाऊल मागे घेतले तर खरोखर चांगले काम करणाऱ्या संस्थांनी माणसे आणायची कोठून? हाच बेत घेऊन एखादा मुलगा आला असता तर त्याला धाडसी म्हटले गेले असते, हेही येथे नोंदवून ठेवते.

निवृत्त रोखपाल
सेवेच्या वादात मला गती नाही, परंतु पैशाविषयी चौतीस वर्षांचा अनुभव सांगतो. कंबोडियात रिएल या तेथील चलनाबरोबर डॉलरही सर्रास चालतो, मात्र नोटेला जराशी चीर किंवा शाईचा डाग असला तर दुकानदार ती परत करतो. येथून नोटा घेताना काउंटरवरच एकेक तपासावी. मागे उभ्या असलेल्या लोकांनी कितीही उसासे टाकले तरी जागचे हलू नये. माझ्या हयातीत मी असे उसासे पुष्कळ ऐकले आहेत.

उमेची आई
आडवाट यांच्या लिखाणात काळजी कमी आणि दटावणी अधिक वाटली. माझी मुलगी चार महिने एकटी फिरून आली. पहिला महिनाभर मी फोन उशाशी घेऊन झोपत होते आणि नातेवाईक मला ‘पाठवलीच कशाला’ असे विचारत होते. त्यांच्यापैकी एकानेही तिला एक उपयुक्त गोष्ट सांगितली नाही. बाहेरून आलेल्या माणसाने काही करूच नये, असे म्हणायचे असेल तर आपल्या पुरातत्त्व खात्याने 1986 ते 1993 या काळात, कंबोडियात यादवी चालू असताना, अंगकोर वाट मंदिराचे जतनाचे काम केले, तेही चूकच म्हणावे लागेल.

आडवाट
ताई, ते लोक त्या विषयातील जाणकार होते आणि दोन सरकारांच्या संमतीने गेले होते. तरीही दगड रसायनांनी धुतल्याबद्दल त्यांच्यावर पुढे टीका झालीच. जाणकारांची ही गत असेल तर बाकीच्यांनी दोनदा विचार करावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

कोथरूडकर
आडवाट यांच्याशी मी सहमत आहे, पण कारण वेगळे आहे. सेवाच करायची तर सियाम रीप कशाला हवे? येथे मेळघाट आहे, गडचिरोली आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला तेव्हा आम्ही सोसायटीतून एक टेम्पो भरून कपडे व खाण्याचे पदार्थ घेऊन शिरोळ तालुक्यात गेलो होतो. त्यासाठी पासपोर्ट लागला नाही.

कुरुंदवाडकर
आपला टेम्पो कदाचित मीच उतरवून घेतला असेल. आमच्या घरात छातीएवढे पाणी होते आणि आम्ही शाळेच्या इमारतीत राहत होतो. त्या आठवड्यात कपड्यांचे इतके गठ्ठे आले की ते ठेवायला दोन वर्गखोल्या रिकाम्या कराव्या लागल्या, म्हणजे तेथे झोपणारी माणसे व्हरांड्यात आली. त्या गठ्ठ्यांत फाटके परकर, एकेकटे बूट आणि कोणाचा तरी लग्नातला कोट निघाला. आम्हाला हवे होते फिनेल, फावडी, जनावरांचा चारा आणि गाळ उपसायला आठ दिवस राहणारी माणसे. आलेले बहुतेक जण दुपारी वाटप करून, नृसिंहवाडीला जाता येईल का याची चौकशी करून, संध्याकाळी परत गेले. तेव्हा सेवेसाठी येथे या, हे आमच्या वतीने कृपया कोणी ठरवू नये.

कोथरूडकर
हे कृतघ्नपणाचे झाले. आम्ही रजा टाकून, खिशातून डिझेल घालून आलो होतो. आमच्या गठ्ठ्यात एकही फाटका कपडा नव्हता, कारण माझी पत्नी स्वतः निवडत बसली होती. नृसिंहवाडीविषयीचा टोमणा तर आम्हाला लागूच होत नाही, वाडी स्वतःच पाण्याखाली होती.

कुरुंदवाडकर
वाडी पाण्याखाली होती हे आम्हीच त्या चौकशी करणाऱ्यांना सांगत होतो, साहेब. आपल्या पत्नीचा गठ्ठा चांगला असेल, मी नाकारत नाही. परंतु निघण्यापूर्वी आपण एक तरी फोन करून काय हवे ते विचारले होते का?

कोथरूडकर
फोन लागत नव्हते.

थोडा वेळ जाऊ देऊन लिहितो. तहसील कार्यालयाचा क्रमांक वर्तमानपत्रात आला होता आणि तो आम्ही लावला नव्हता, हे मान्य. तरीही फावड्यांसाठी वर्गणी मागितली असती तर आमच्या सोसायटीत पाच माणसांनीही दिली नसती, हेसुद्धा तितकेच खरे आहे.

मोडका खांदा
पुराचे पाणी ओसरले असेल तर यादीतील 31 व्या वस्तूवर बोलतो: आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. आपल्याकडे आरटीओ देते तो परवाना 1949 च्या जिनिव्हा कराराप्रमाणे असतो आणि व्हिएतनाम 1968 च्या व्हिएन्ना करारातला परवाना मानते. म्हणजे उत्तर व्हिएतनाममधील ‘हा जिआंग’ या डोंगराळ भागातील घाटांत भाड्याची दुचाकी चालवताना आपण तेथील कायद्याने विनापरवाना असतो. भाड्याने देणारा काही विचारत नाही, त्यामुळे हे कळते ते रुग्णालयात. माझे खांद्याचे हाड मोडले, शस्त्रक्रियेचे पैसे घरून मागवावे लागले, आणि विमा कंपनीने परवान्याची प्रत मागून दोन ओळींच्या पत्रात दावा फेटाळला. चालकासह दुचाकी मिळते, तिच्यावर मागे बसून जावे. डोंगर तेवढेच दिसतात, किंबहुना जास्त दिसतात.

उमेची आई
पाच महिन्यांच्या यादीवर इतक्या जणांनी अक्कल पाजळल्यानंतर उपयोगाची अशी ही पहिली सूचना आली.

आडवाट
ताई, टोला पोचला. मग मीही काही उपयोगाचे सांगतो. सियाम रीपमध्ये कंथा बोफा संस्थेचे मुलांचे रुग्णालय आहे आणि तेथे उपचार विनामूल्य होतात. ही रुग्णालये नव्याने उभी करणारे स्विस बालरोगतज्ज्ञ बीट रिश्नर दर शनिवारी तेथे चेलो वाजवत आणि पर्यटकांना सांगत, की तरुणांनी रक्त द्यावे, वयस्करांनी पैसे द्यावेत आणि मधल्या वयाच्या लोकांनी दोन्ही द्यावे. 2018 मध्ये ते वारले. रक्त देण्यासाठी इंग्रजी शिकवावे लागत नाही आणि एखाद्या मुलाला आपला लळा लावून निघून जाण्याचे पापही पदरी पडत नाही. उरलेल्या दिवसांसाठी अंगकोरचा सात दिवसांचा पास 72 डॉलरला मिळतो. तो महिनाभरात कोणत्याही सात दिवशी वापरता येतो, त्यामुळे एक दिवस मंदिरे आणि एक दिवस विश्रांती असे सावकाश पाहता येते.

कोथरूडकर
रक्तदानच करायचे तर आमच्या गणेश मंडळाचे शिबिर दरवर्षी असते आणि वर डबा मिळतो, एवढेच नम्रपणे सुचवतो.

पाऊलखुणा
दोन दिवस मी मुद्दाम गप्प होते. कुरुंदवाडकर दादांचा ‘फोन करून विचारले होते का’ हा प्रश्न कोथरूडकर काकांना होता, पण लागला मला, हे कबूल करते. आडवाट काकांच्या दटावणीने मात्र माझ्यात काहीही बदल झालेला नाही, याची त्यांनी नोंद घ्यावी. मी संस्थेला पत्राने तीन गोष्टी विचारल्या: मुलांपैकी किती जणांचे पालक हयात आहेत, मी नसेन तेव्हा इंग्रजी कोण शिकवते, आणि माझा पोलीस पडताळणीचा दाखला कोणत्या पत्त्यावर पाठवू. आज उत्तर आले. तीनपैकी एकाही प्रश्नाला त्यांनी हात लावलेला नाही. तारखा हव्या तर बदलता येतील, भरलेली रक्कम परत मिळणार नाही आणि मुले माझी आतुरतेने वाट पाहत आहेत, एवढेच त्यात आहे. ज्यांनी माझे नावही ऐकलेले नाही ती मुले माझी वाट कशी पाहतात, हे मला कळले नाही. ते दोन आठवडे मी रद्द केले आहेत. 31 वी वस्तू यादीतून काढली आहे. शिट्टी राहील.

निवृत्त रोखपाल
निर्णय योग्य आहे. मात्र ते 450 डॉलर पाठवताना बँकेच्या ए-2 अर्जावर आपण कारण काय लिहिले होते, प्रवासखर्च की देणगी? अर्जाची प्रत जपून ठेवली नसेल तर उद्याच शाखेत जाऊन मागून घ्यावी.