पैठणीच्या बाजारातले शब्द: सेमी, ब्रोकेड, कडियल, टेस्टेड म्हणजे नेमके काय?

प्रश्न | मावशीची_खरेदी

नमस्कार. माझ्या भाचीचे लग्न मार्गशीर्षात आहे आणि तिला आमच्याकडून पैठणी द्यायची असे घरात ठरले आहे. त्यासाठी सध्या मी दुकानांत आणि फोनवरच्या थेट विक्रीच्या व्हिडिओंत साड्या पाहते आहे. तिथे एका दमात सांगितले जाते, “ताई, ही ट्रिपल मुनिया ब्रोकेड आहे, कडियल काठ, टेस्टेड जरी, ऑलओव्हर बुट्टी, रनिंग ब्लाऊज, कलर रामा.” यातले बहुतेक शब्द कानावरून गेलेले आहेत, पण त्यांचा अर्थ विचारला की “म्हणजे एकदम हेवी पीस, ताई” एवढेच उत्तर मिळते. काल दोन ठिकाणी ‘मुनिया ब्रोकेड पैठणी’ याच नावाने दाखवलेल्या दोन साड्यांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक होता आणि दोन्ही विक्रेते आपलीच खरी असे ठामपणे सांगत होते. यातले कोणते शब्द कारागिरीविषयी काही सांगतात, कोणते केवळ नक्षीची नावे आहेत आणि कोणते निव्वळ विक्रीसाठी वापरले जातात, हे जाणकारांनी समजावून सांगावे ही विनंती.

उत्तर १ | धोटा_आणि_फणी

ताई, नमस्कार. आमच्या घरी येवल्यात हातमाग आहे, त्यामुळे हे शब्द माझ्या रोजच्या बोलण्यातले आहेत. घोटाळा होतो तो यामुळे की धागा कोणता, जरी कोणती, माग कोणता, वीण कोणती आणि नक्षी कोणती, हे सगळे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि विक्री करताना त्यांची उत्तरे एकापाठोपाठ एक अशी सांगितली जातात की सगळे मिळून एकच वर्णन वाटावे.

मुनिया, बांगडी मोर, असावली, अजंठा कमळ, कुयरी, नारळी ही सगळी नक्षीची नावे आहेत. मुनिया म्हणजे काठात ओळीने बसवलेले हिरवे पोपट. अशी एक ओळ असेल तर सिंगल मुनिया आणि तीन असतील तर ट्रिपल. बांगडी मोर म्हणजे बांगडीसारख्या गोलात बसलेला मोर आणि असावली म्हणजे फुलांची वेल. ही नक्षी हातमागावर रेशमात निघते तशीच यंत्रमागावर पॉलिस्टरमध्येही निघते, किंबहुना कापडावर छापताही येते. म्हणून ‘ट्रिपल मुनिया’ ऐकून साडीच्या दर्जाचा कोणताही अंदाज बांधू नये. आपल्याला दिसलेल्या किमतीतल्या फरकाचे मूळ बहुधा इथेच आहे, कारण नाव नक्षीचे होते आणि किंमत विणीची.

पारंपरिक पैठणीचा पदर विणताना आडवा धागा जरीचा असतो आणि त्या जरीच्या जमिनीत रंगीत रेशमाची नक्षी भरली जाते. या नक्षीसाठी प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी हातात घेऊन, तो रंग जिथे हवा तेवढ्याच धाग्यांमधून फिरवून परत आणावा लागतो, आणि दोन रंग जिथे शेजारी येतात तिथे ते एकमेकांत गुंतवावे लागतात. पोपटाची चोच लाल आणि अंग हिरवे असेल, तर चोचीचा लाल धागा चोचीपुरताच येतो आणि तिथूनच मागे वळतो. पाठीमागून तो पुढच्या पोपटापर्यंत ओढत नेला जात नाही. त्यामुळे असा पदर उलटा करून पाहिला तर पोपट जवळजवळ तसाच दिसतो, फक्त त्याचे तोंड दुसऱ्या दिशेला असते. बोटाच्या नखाने हलकेच चाचपले तरी मागे अडकण्याजोगा लोंबता धागा लागत नाही.

ब्रोकेडमध्ये नक्षी जकार्डच्या, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे उचलणाऱ्या मागावरच्या यंत्रणेच्या, साहाय्याने उठते आणि नक्षीचा जादा धागा वर यायचा नसतो तेव्हा तो पाठीमागून वाहत राहतो. त्यामुळे ब्रोकेड काठाची मागची बाजू पुढच्यासारखी दिसत नाही. याचा अर्थ ब्रोकेड खोटी असा मात्र नव्हे. येवल्यात हातमागावर जकार्ड बसवून शुद्ध रेशमाच्या ब्रोकेड पैठण्या विणल्या जातात. त्यात काठ जकार्डचा आणि पदर पूर्ण हाताने भरलेला असाही मेळ असतो, आणि त्या कामालाही मोठे कौशल्य लागते. मात्र ‘ब्रोकेड’ हा शब्द माग हाताचा की विजेचा हे सांगत नाही. तो प्रश्न आपण वेगळा विचारलाच पाहिजे.

कडियल आणि एकधोटी हे मात्र विणीचे शब्द आहेत आणि मला ते फार प्रिय आहेत. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारे मागावरचे साधन. एकधोटीत नावाप्रमाणे एकच धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो, म्हणून अंगाच्या आडव्या धाग्याचा रंग काठातही उतरतो. उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असल्याने कापड हलवले की रंग बदलताना दिसतो. यालाच धूपछाव म्हणतात. कडियलमध्ये तीन धोटे लागतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, आणि प्रत्येक फेरीत काठाचा धागा अंगाच्या धाग्याशी गुंतवावा लागतो. म्हणूनच जांभळ्या अंगाला निखळ हिरवा काठ लागू शकतो आणि एका रंगाची झाक दुसऱ्यात दिसत नाही. ऑलओव्हर म्हणजे अंगभर नक्षी. ती हाताने भरलेली असेल तर साडीला कित्येक महिने लागतात, उलट बारीक काठ आणि विरळ बुट्टी असलेली साडी काही आठवड्यांत मागावरून उतरते.

‘महाराणी’, ‘पेशवाई’, ‘ब्रायडल’, ‘हेवी’ या शब्दांना मागावर काहीच अर्थ नाही.

उत्तर २ | वस्त्रशास्त्र_शिक्षिका

वरील उत्तरात वीण उत्तम उलगडली आहे, त्यामुळे मी केवळ धागा आणि जरी यांविषयी लिहिते, कारण फसगत सर्वांत जास्त तिथे होते.

आर्ट सिल्क या नावात ‘कला’ नाही. आर्टिफिशियल या शब्दाचे ते आखूड रूप आहे आणि त्याचा अर्थ कृत्रिम रेशीम, म्हणजे व्हिस्कोस किंवा पॉलिस्टर. दुकानदाराने आर्ट सिल्क म्हटले तर त्याने खोटे सांगितले असे होत नाही, पण ग्राहकाने मात्र बहुधा वेगळेच ऐकलेले असते. ‘सेमी सिल्क’ आणि ‘पॉलिसिल्क’ हेही याच कुळातले शब्द आहेत. ‘सॉफ्ट सिल्क’ हा शब्द तर स्पर्शाविषयी आहे. तो शुद्ध तुती रेशमालाही लावला जातो आणि मऊ पॉलिस्टरलाही. शंका असेल तर पदराच्या टोकाचे एक-दोन धागे मागून घ्यावेत आणि घरी सुरक्षितपणे जाळून पाहावेत. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा कठीण मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखे जळते. उभा आणि आडवा असे दोन्ही धागे तपासावेत, कारण एका दिशेला रेशीम आणि दुसरीकडे कृत्रिम धागा अशी मिश्रणेही बाजारात पुष्कळ असतात.

जरीच्या बाबतीत ‘असली जरी’ म्हणजे रेशमी गाभ्याभोवती गुंडाळलेली चांदीची तार आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. ‘टेस्टेड जरी’ ऐकले की कुणीतरी ती तपासून प्रमाणित केली आहे असे वाटते, पण तसे काही नसते. या जरीच्या तारेत मुख्य धातू तांबे असून त्यावर चांदीचा मुलामा आणि सोनेरी झळाळी दिलेली असते. आजच्या बहुसंख्य रेशमी पैठण्यांत हीच जरी असते आणि त्यात गैर काही नाही, फक्त ती असली जरीच्या भावाने घेऊ नये. त्याखाली येते ती पॉलिस्टरच्या चकचकीत फितीपासून केलेली जरी. ती वजनाला हलकी असते, काळी पडत नाही आणि सेमी साड्यांत सर्रास वापरली जाते.

साडीवर दोन प्रमाणखुणा दिसू शकतात: रेशमासाठीचा सिल्क मार्क २००४ पासून आणि हातमागाच्या कापडासाठीचा हँडलूम मार्क २००६ पासून प्रचलित आहे. सिल्क मार्क शुद्ध नैसर्गिक रेशमाची हमी देतो. माग कोणता, जरी कोणती, साडी कोणत्या गावची, याबद्दल तो काहीही सांगत नाही. यंत्रमागावर विणलेल्या शुद्ध रेशमी साडीलाही तो मिळतो. ‘सिल्क मार्क आहे, म्हणजे हातमागाची अस्सल पैठणी’ असे सांगणारे विक्रेते मी पाहिले आहेत. त्यामुळे या खुणेचा अर्थ ग्राहकाने स्वतः लक्षात ठेवणे फार गरजेचे आहे.

उत्तर ३ | यंत्रमाग_कुटुंबातून

दोन्ही उत्तरे आवडली, परंतु अशा चर्चांमध्ये ‘सेमी’ म्हणजे नकली हे समीकरण फार लवकर मांडले जाते आणि ते मला अन्यायाचे वाटते. सेमी पैठणी म्हणजे पैठणीची नक्षी घेऊन यंत्रमागावर, बहुतेक वेळा कृत्रिम किंवा मिश्र धाग्यात विणलेली साडी. अशा साड्या बाहेरून येतात तशा खुद्द येवल्यातही विणल्या जातात. हळदी-कुंकवाला, शाळेतल्या कार्यक्रमाला, प्रवासात नेसायला म्हणून असंख्य बायका ती समजून-उमजून घेतात, तिची किंमत त्यांना परवडते आणि ती विणणाऱ्यांचीही घरे त्यावर चालतात. जो दुकानदार ‘सेमी’ म्हणून सेमी विकतो तो प्रामाणिकच आहे. फसवणूक होते ती हा शब्द गाळल्यावर.

हेही खरे की ‘सेमी’ म्हणजे निम्मे काय, याला व्यापारात ठरलेले उत्तर नाही. कुणी यंत्रमागावरच्या शुद्ध रेशमी साडीला सेमी म्हणतो, तर कुणी पूर्ण पॉलिस्टरच्या साडीला. तेव्हा ‘सेमी आहे’ असे उत्तर आले तर तिथेच न थांबता धागा कोणता हे विचारावे. ‘येवला पैठणी’ या नावाबाबतही अशीच सावधगिरी बाळगावी, कारण गावाचे नाव मागाचा प्रकार सांगत नाही.

उत्तर ४ | चंद्रकळा_आवडते

रंगांच्या नावांकडे कुणी वळले नाही म्हणून लिहिते. रामा म्हणजे निळसर झाक असलेला गडद हिरवा. राणी म्हणजे भडक गुलाबी. गजरी म्हणजे गाजराच्या रंगाकडे झुकणारा लालसर गुलाबी. ही दुकानातली आजची भाषा आहे आणि ती गावागणिक थोडी बदलते, त्यामुळे नावावरून रंग न ठरवता साडी दिवसाच्या उजेडात, शक्य तर दाराशी नेऊन पाहावी. धूपछाव असलेली साडी फोनच्या पडद्यावर तर कधीच खरी दिसत नाही, कारण तिचा दुसरा रंग कापड हलल्याशिवाय दिसत नाही.

पैठणीची जुनी रंगनावे मात्र वेगळीच आहेत आणि ती टिकावीत अशी माझी मनापासून इच्छा आहे. काळ्या अंगाला लाल काठ असेल तर ती काळी चंद्रकळा, पोपटी हिरवी ती राघू आणि शुभ्र पांढरी ती शिरोदक. शिवाय मोरपंखी, डाळिंबी, अंजिरी, कुसुंबी, अबोली हे रंग तर आपल्या परसातून आणि रानातूनच आलेले आहेत. भाचीला साडी देताना तिचा रंग या नावाने सांगावा. पुढे तीही तसाच सांगेल.

रनिंग ब्लाऊज म्हणजे साडीच्याच लांबीला सलग विणलेले ब्लाऊजचे कापड, जे कापून घ्यावे लागते. साडी घेण्यापूर्वी हे कापड सोडून अंगाची लांबी किती उरते ते विचारावे. सहा वार म्हणजे सुमारे ५.५ मीटर आणि नऊवार म्हणजे सुमारे ८.२ मीटर. भाची लग्नात नऊवार नेसणार असेल तर हा हिशेब फार महत्त्वाचा आहे. शिवाय ‘नऊवारी’ या नावाने हल्ली शिवलेली, आयती चढवायची साडीही विकली जाते. आपल्याला निऱ्या घालून, कासोटा काढून, ओचा धरून नेसायची नऊवार हवी असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

मावशीची_खरेदी

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार मानावे तेवढे थोडे आहेत. आज दोन्ही साड्यांच्या उलट बाजूची छायाचित्रे मागवली. स्वस्त साडीच्या पदरामागे कापलेल्या धाग्यांची दाट लव दिसते आहे. महाग साडीचा पदर मागूनही स्वच्छ आहे, पोपट दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, परंतु काठाच्या मागे मात्र सलग वाहणारे धागे आहेत. म्हणजे काठ ब्रोकेड आणि पदर हाताचा, असे समजावे का? आणि पावतीवर नेमके काय लिहून घ्यावे?

धोटा_आणि_फणी

होय ताई, वर्णनावरून तसेच वाटते. पहिली साडी यंत्रमागाची असणार. मागचे वाहते धागे यंत्राने कापले की अशी लव उरते. दुसरीचा पदर हाताने भरलेला आणि काठ जकार्डचा दिसतो. अशी साडी निश्चित घेण्याजोगी आहे, परंतु किंमत सांगताना काठही हाताने भरलेला आहे असे म्हटले जात असेल तर ते मान्य करू नये. तरीही छायाचित्रावर विसंबून पैसे न पाठवता साडी हातात घेऊन पाहावी आणि पदराबरोबर अंगावरची एखादी बुट्टीही उलटून पाहावी.

पावतीवर ‘ट्रिपल मुनिया पैठणी’ एवढेच लिहिलेले असेल तर पुढे तक्रार करायला काहीच आधार उरत नाही. “हातमाग, उभा व आडवा धागा शुद्ध रेशीम, जरी टेस्टेड, पदर हातविणीचा, काठ जकार्ड ब्रोकेड, ब्लाऊजसह एकूण लांबी इतके मीटर” असे शब्द लिहून मागावेत आणि त्यावर दुकानाचा शिक्का व सही घ्यावी. हातमागाची साडी असेल तर हँडलूम मार्क आहे का तेही विचारावे. छोट्या विणकराकडे तो नसला तरी माग प्रत्यक्ष पाहायला या, असे तो आनंदाने म्हणेल. येवल्यात यायचे ठरलेच तर विणकरांच्या घरी दुपारच्या आधी जावे, कारण मागावर चांगला उजेड असताना कांड्या फिरताना नीट पाहता येतात.