मदत हवी आहे: सशाची मान अजून वाकडीच, औषधाचा डोस वाढवू का?

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९:५०

नमस्कार. आमच्या सशाला, भुरूला, ई. क्युनिक्युली (मेंदूला सूज आणणारा परजीवी) झालंय. डॉक्टरांनी फेनबेंडाझोल हे जंताचं औषध दिलं, ते रोज चालू आहे. सूज उतरायला मेलोक्सिकॅम पाच दिवस होतं, आता बंद. सुरुवातीला तो जमिनीवर लाटण्यासारखा गोल गोल लोळायचा, बुबुळं सारखी एका बाजूला सरकायची. ते थांबलंय. पण मान डावीकडे वाकली आहे ती तशीच. आज ११ वा दिवस. काहींचे ससे आठवड्यात सरळ झाले असं वाचलं.

प्रश्न एवढाच: औषध कमी पडतंय का? डोस दीडपट केला तर चालेल का? डॉक्टर सोमवारपर्यंत गावी गेलेत, फोन लागत नाही. मुलगी रोज रडते आहे. अनुभव असणाऱ्यांनी लवकर सांगा.

सशांची_मावशी | रात्री १०:०४

डोस स्वतःच्या मनाने अजिबात वाढवू नका. आधी हे सांगा: वजन किती? रोज किती एमएल देता आणि बाटलीवर किती टक्के लिहिलंय? खातोय का? लेंड्या किती आणि केवढ्या? राहता कुठे? यातलं काहीच लिहिलं नाहीत, मग कोण काय सांगणार?

माळरान | रात्री १०:११

मी सहा वर्षं ससेपालन केलं आहे, न्यूझीलंड व्हाइट आणि सोव्हिएत चिंचिला या जातींचं. शेडमध्ये माना वाकड्या झालेले ससे ढिगाने बघितले. बहुतेक वेळा कानाच्या आत पू असतो. हल्ली कुणाचीही मान वाकली की ई. क्युनिक्युली म्हणायची पद्धत पडली आहे. जंताचं औषध बंद करून अँटिबायोटिक सुरू करा. पिल्लांना हगवण लागली तर कॉक्सिडिया (आतड्यातला परजीवी) असतो, त्याला सल्फाचं औषध पाण्यातून द्यायचं. आमच्याकडे त्याने खूप पिल्लं वाचली.

अवनी_सिंहगडरोड | रात्री १०:१५

भुरू एकटाच आहे का? ससा एकटा ठेवू नये, कुढतो. माझ्याकडे जोडी आहे, दोघांचंही ऑपरेशन करून घेतलंय. मादी असेल तर ते कराच, वय वाढलं की गर्भाशयाचा कॅन्सर फार होतो.

पशुवैद्य_गायगोठा | रात्री १०:२६

माळरान, कानाच्या आतला संसर्ग हे मान वाकण्याचं मोठं कारण आहे, हे बरोबर. पण न तपासता अँटिबायोटिक सुरू करा असं सांगू नका. माणसांची अमॉक्सिसिलीनची गोळी किंवा सिरप सशाला तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. मी मुख्यतः गाईगुरं बघतो, पण हे कॉलेजात पहिल्यांदा शिकवतात.

कृष्णाकाठ | रात्री १०:३३

वजन दीड किलोच्या आसपास. नर आहे, तीन वर्षांचा, एकटाच. आम्ही कराडला राहतो. औषध रोज १.३ एमएल, डॉक्टरांनी लिहून दिलंय तेवढंच. कान डॉक्टरांनी दिव्याने बघितले, स्वच्छ होते. खाणं थोडं कमी आहे, पण आजारपणात ते असतंच. कृपया मूळ प्रश्नावर बोला. डोस वाढवायचा की नाही?

मीरा_टोरोंटो | रात्री १०:४१

आमच्या सशीला २०२१ मध्ये हेच झालं होतं, म्हणून सविस्तर लिहिते. औषधाने परजीवीची वाढ थांबते. मान वाकडी राहते ती मेंदूत आणि तोल सांभाळणाऱ्या भागात झालेल्या सुजेमुळे, आणि ती सूज, ती इजा भरून यायला वेळ लागतो. डोस वाढवून मान लवकर सरळ होत नाही. नेहमीचा डोस किलोमागे २० मिलिग्रॅम, रोज एकदा, २८ दिवस. आमची चार महिन्यांनी बऱ्यापैकी सरळ झाली. थोडी तिरकी राहिली ती कायमची. पण त्यानंतर ती धावली, खोक्यावर उड्या मारल्या, आमच्या मांडीवर चढून बसली. अकरा दिवसांत लोळणं थांबलंय म्हणजे तुमचा भुरू चांगल्या दिशेने चाललाय.

एक विचारते, खालच्या बाजूचा डोळा बघता का? मान वाकली की तो डोळा जमिनीला घासतो, कोरडा पडतो, बुबुळावर जखम होते. आमच्याकडे मलम दिवसातून तीनदा लावत होतो.

जुनेजाणते | रात्री १०:४८

एवढी रसायनं एवढ्याशा जिवाला कशाला? तुळस, हळद आणि चिमूटभर ओवा वाटून मधातून द्या. आमच्या आजोबांनी गावी ससे पाळले होते, कधी डॉक्टर लागला नाही.

पशुवैद्य_गायगोठा | रात्री १०:५५

मध नको, सशाच्या आतड्याला साखर सोसत नाही. शिवाय गावाकडे शेतात पकडून आणलेले ते बहुधा रानससे असावेत. ते पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे.

जुनेजाणते | रात्री १०:५९

आमचे पांढरेच होते, लाल डोळ्यांचे. उगाच गुन्हेगार ठरवू नका. आणि हळद सूज उतरवते हे तुम्हीही नाकारणार नाही.

सशांची_मावशी | रात्री ११:०२

हळदीसाठी वेगळा धागा काढा, दोघांनाही विनंती. कृष्णाकाठ, "थोडं कमी" म्हणजे नेमकं काय? आज सकाळपासून काय काय पोटात गेलं ते लिहा. लेंड्यांचं उत्तर अजून दिलेलं नाही. आणि बाटलीवरचे टक्के.

कृष्णाकाठ | रात्री ११:१०

काल रात्री कोथिंबिरीच्या दोन काड्या खाल्ल्या. आज सकाळी दुधात भिजवलेला ब्रेड दिला, अंगात ताकद यावी म्हणून, तो थोडा चाटला. लसूणघासाला तोंड लावलं नाही. लेंड्या आत्ता बघितल्या, दिवसभरात सहा-सात असतील, मिरीच्या दाण्याएवढ्या. कोपऱ्यात बसून आहे, दात करकर वाजवतोय. हे औषधामुळे असेल का?

सशांची_मावशी | रात्री ११:१४

दादा, मानेचं राहू द्या. हे आत्ता जास्त गंभीर आहे. ससा दहा-बारा तास खात नाही म्हणजे त्याचं आतडं थांबत चाललंय. मिरीएवढ्या लेंड्या आणि दात करकरणं म्हणजे पोटात दुखतंय. दूध-ब्रेड आत्ताच्या आत्ता बंद.

त्याच्या पोटाला हलक्या हाताने हात लावा. मऊ आहे की ढोलासारखं ताठ? कान हाताला गार लागतात का?

कृष्णाकाठ | रात्री ११:२०

पोट मऊ आहे. कान किंचित गार वाटतात.

पशुवैद्य_गायगोठा | रात्री ११:२८

पोट ताठ असतं तर तोंडातून काहीही देऊ नका, रात्रीच कुठेतरी न्या, असं सांगितलं असतं. मऊ आहे म्हणून पुढचं लिहितो.

आधी ऊब. बाटलीत कोमट पाणी भरून टॉवेलात गुंडाळा आणि त्याच्या शेजारी ठेवा, नको वाटलं तर त्याला बाजूला सरकता येईल अशी. सशाचं तापमान साधारण ३८.५ ते ४० सेल्सिअस असतं, त्याखाली घसरला की आतडं आणखी मंदावतं. मग पाणी पाजा, थेंब थेंब. त्यानंतर त्याच्या नेहमीच्या पेलेट्स गरम पाण्यात भिजवून एकजीव लगदा करा आणि बिनसुईच्या सिरिंजने ओठाच्या बाजूने, दातांच्या फटीतून, एका वेळी अर्धा ते एक एमएल. तो गिळेपर्यंत थांबायचं. त्याची मान वाकडी आहे म्हणून हे फार सावकाश करा, छाती टॉवेलात धरून, पोटावर बसलेल्या स्थितीत. उताणा धरलात तर लगदा फुप्फुसात जाईल. एका खेपेला १५ एमएल गेलं तरी पुष्कळ, दिवसातून चार-पाच खेपा.

मेलोक्सिकॅम पुन्हा सुरू करायचं का ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका. पाणी कमी प्यायलेल्या सशाच्या मूत्रपिंडाला त्याचा त्रास होतो, आणि हा परजीवी मूत्रपिंडातही असतो.

अवनी_सिंहगडरोड | रात्री ११:३३

लहान बाळांचे गॅसचे थेंब द्या, सिमेथिकोनचे. माझ्या सशाला त्यानेच बरं वाटलं होतं.

पशुवैद्य_गायगोठा | रात्री ११:३६

त्याने अपाय होत नाही. पण नुसत्या त्याच्या भरवशावर रात्र काढू नका.

माळरान | रात्री ११:३८

लसूणघास रोज देताय का? मोठ्या सशाला तो जास्त झाला की लघवी पांढरी, खडूच्या पाण्यासारखी होते, कॅल्शियम फार असतं त्यात. हरळी द्या, ती उन्हात वाळवून ठेवा. कराडला ओढ्याकाठी, बांधावर भरपूर मिळेल, फक्त औषध फवारलेल्या रानातली आणू नका. कोवळी ज्वारी मात्र कधीही नको. तिने गुरं मरतात, ससा काय टिकणार.

मीरा_टोरोंटो | रात्री ११:४०

माळरान, हा सल्ला अगदी योग्य आहे. सशाचं मुख्य अन्न गवतच, बाकी सगळं वरचं.

कृष्णाकाठ, बाटलीचे टक्के अजून सांगितले नाहीत.

कृष्णाकाठ | रात्री ११:५८

१० एमएल लगदा गेला. थोडा बाहेर आला, पण गिळतोय.

बाटली आणून बघितली. १०% लिहिलंय, गुरांची आहे. पहिली बाटली परवा संपली तेव्हा दुकानदाराने ही दिली, तेच औषध आहे म्हणाला. पहिलीचं खोकं अजून कचऱ्याच्या डब्यात आहे. त्यावर २.५% आहे.

सशांची_मावशी | रविवार, रात्री १२:०३

आणि डोस तोच, १.३ एमएल?

कृष्णाकाठ | रात्री १२:०५

हो. तीन दिवस.

पशुवैद्य_गायगोठा | रात्री १२:१७

हिशोब मांडतो. वजन १.६ किलो धरलं तर रोज ३२ मिलिग्रॅम लागतं. २.५% म्हणजे एका एमएलमध्ये २५ मिलिग्रॅम, १.३ एमएल बरोबर होतं. १०% म्हणजे एका एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम. तुम्ही १३० मिलिग्रॅम दिलंत, चौपट. तुम्हाला वाढवायचा होता तो डोस तीन दिवसांपूर्वीच वाढला होता.

उद्याचा डोस देऊ नका. या गटातल्या औषधांचा डोस जास्त झाला तर सशाच्या अस्थिमज्जेवर परिणाम होतो, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरतात. तो परिणाम झालाच असेल असं नाही, पण रक्त तपासून घ्यायलाच हवं. सकाळी शिरवळला न्या, तिथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. रविवारी कोण असेल ते आधी फोन करून विचारा. दोन्ही बाटल्या बरोबर घ्या. आणि रक्त काढण्याआधी उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सशाला उलटी होत नाही, त्याला उपाशी ठेवायचं कारण नाही.

कृष्णाकाठ | रात्री १२:२१

माझ्या हातून हे झालं. मुलीला काय सांगू कळत नाही.

मीरा_टोरोंटो | रात्री १२:२६

तुम्ही अकरा दिवस लोळणाऱ्या सशाला सांभाळलंत, तो आज तोलावर बसतोय. आता फक्त दर दोन-तीन तासांनी उठा आणि भरवा. इथे अजून दुपार आहे, मी जागी आहे, काही वाटलं तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

साधीभोळी | रविवार, सकाळी ८:१२

हा आजार माणसाला होतो का? आमच्या शेजाऱ्यांकडे ससा आहे आणि माझं बाळ सात महिन्यांचं आहे.

सशांची_मावशी | सकाळी ८:४०

निरोगी माणसाला सहसा होत नाही. केमो चालू असेल, अवयव प्रत्यारोपण झालं असेल किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असेल तर काळजी घ्यावी लागते. बीजाणू सशाच्या लघवीतून पडतात, म्हणून हात धुणं आणि पिंजरा रोज साफ करणं महत्त्वाचं. उकळतं पाणी किंवा पातळ केलेलं ब्लीच वापरून, वाळवून, वास गेल्यावरच ससा आत सोडायचा. बाळाबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा.

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री ९:१५

उशिरा लिहितोय, माफ करा. रविवारी पहाटे साडेचारला त्याने पाच लेंड्या टाकल्या, जरा मोठ्या. मी मुलीला उठवून दाखवल्या.

सकाळी नेलं. त्वचेखाली सलाइन दिलं, दुखणं थांबायला इंजेक्शन दिलं. पांढऱ्या पेशी थोड्या कमी आहेत, प्लेटलेट ठीक. फेनबेंडाझोल पाच दिवस बंद ठेवून पुन्हा रक्त बघणार, मग ०.३ एमएलने उरलेला कोर्स. खालच्या डोळ्यावर खरंच ओरखडा निघाला, थेंब दिलेत. मीराताई, तुम्ही विचारलं नसतं तर मी तो डोळा उचलून बघितलाच नसता.

पिंजरा काढून टाकला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात रबरी मॅट घातली, कडेने टॉवेलांच्या गुंडाळ्या लावल्या. पाण्याला जड दगडी वाटी ठेवली, हलकी तो कलंडवत होता. बांधावरची हरळी धुऊन दिली, आज स्वतःहून खाल्ली. मान तशीच आहे. कागदावर दोन्ही औषधांचे टक्के आणि एमएल लिहून फ्रिजवर चिकटवलेत.

माळरान | मंगळवार, रात्री ९:३०

बरं वाटलं वाचून. हरळी सावलीत वाळवा, उन्हात फार कडक होते, मी आधी चुकीचं लिहिलं होतं.

ठाणेकर_अमेय | बुधवार, सकाळी ७:५०

इथेच विचारतो. माझ्या सशाच्या कानात पिवळट खपल्या आल्यात, सारखा कान खाजवतो. कुत्र्याला पाठीवर टाकायचे किडींचे थेंब घरात आहेत, तेच टाकले तर चालतील ना? घाईत आहे.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ७:५८

टाकू नका, थांबा. त्यात फिप्रोनिल असेल तर सशाचा जीव जाईल. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून इथे टाका. वजन किती आहे त्याचं?