पहिलं महायुद्ध अटळ होतं का? शाळेतली चार कारणं आणि जुलै १९१४

कृष्णाकाठ:
आमच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. मजकूर इंग्रजीत. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला इतके पुरुष गेले, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. सातारा-रत्नागिरीकडच्या बऱ्याच गावांत अशी पाटी सापडते. लहानपणी आम्ही तिच्याखाली गोट्या खेळायचो. आता तिथून जाताना दर वेळी मनात येतं, ही माणसं नेमकी कशापायी मेली?

शाळेत उत्तर पाठ करून घेतलं होतं: साम्राज्यवाद, लष्करवाद, उग्र राष्ट्रवाद, गुप्त करार. मला ते आता पटत नाही. ही चारही कारणं वीस-पंचवीस वर्षं ठाण मांडून होती. १९०५ आणि १९११ मध्ये मोरोक्कोवरून, १९०८ मध्ये बोस्नियावरून, १९१२-१३ मध्ये बाल्कन युद्धांपायी युरोप कड्यापर्यंत गेला आणि दर वेळी मागे फिरला. १९१४ लाच का नाही फिरला?

माझं म्हणणं असं, की २८ जूनला बोस्नियातल्या सारायेव्होत ऑस्ट्रिया-हंगेरीचा युवराज आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांचा खून झाल्यापासून पाच आठवड्यांत व्हिएन्ना, बर्लिन आणि सेंट पीटर्सबर्ग या ऑस्ट्रिया-हंगेरी, जर्मनी आणि रशियाच्या राजधान्यांतल्या मूठभर माणसांनी हे युद्ध घडवलं. "अटळ होतं" म्हटलं की ही माणसं सुटतात, आणि ते मला सहन होत नाही.

तळकोकण:
पूर्णपणे असहमत. गंजीला आग लागली तर काडी कुणी ओढली एवढंच विचारायचं आणि गंज कुणी रचली ते सोडून द्यायचं? जर्मनीचा आरमारमंत्री टर्पिट्झ १८९८ पासून जर्मन आरमार वाढवत होता, ते ब्रिटनवर डोळा ठेवूनच. १९०६ मध्ये ब्रिटननं ड्रेडनॉट ही नव्या धर्तीची अजस्र युद्धनौका पाण्यात उतरवली आणि दोघांनी तशा युद्धनौका बांधायचा सपाटाच लावला.

तुमच्या पाटीवरचीच माणसं घ्या. सहावी पुणे डिव्हिजन नोव्हेंबर १९१४ मध्ये आजच्या इराकमधल्या बसऱ्याकडे गेली ती कशासाठी? मुख्यतः जवळच्या इराणमधल्या अबादानचं तेल राखायला. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर चाललं होतं, म्हणून त्यांच्या सरकारनं त्याच वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला. हिंदुस्थान युद्धात उतरला हे व्हाइसरॉयनं परस्पर जाहीर केलं, इथल्या माणसाला कुणी विचारलं? दहा लाखांहून जास्त लोक समुद्रापार गेले, सत्तर हजारांहून जास्त परतले नाहीत. साम्राज्यं नसती तर मराठा पलटणींतल्या गड्यांवर इराकमध्ये तुर्कांनी घातलेल्या कुतच्या वेढ्यात घोड्याचं मांस खायची पाळी आली असती का?

कृष्णाकाठ:
साम्राज्यांमुळे युद्ध माझ्या गावापर्यंत पोचलं, हे शंभर टक्के मान्य. पण युद्ध पसरलं का आणि पेटलं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आरमाराच्या शर्यतीत जर्मनी १९१२ पासून मागे पडत होता, पैसा पुन्हा पायदळाकडे वळला होता. बगदाद रेल्वेवरून ब्रिटन आणि जर्मनीचं जे भांडण होतं, त्याचा तोडगा जून १९१४ मध्येच ठरला होता. आणि खुनाचा ठपका ठेवून सर्बियावर पहिला हल्ला करणाऱ्या ऑस्ट्रिया-हंगेरीकडे समुद्रापलीकडे वसाहत म्हणावी असं काहीच नव्हतं.

पानगळ:
मूठभर माणसं म्हणून सगळ्यांना एका पारड्यात घालू नका. दोष सर्वांत जास्त जर्मनीचा. ५ जुलैला बर्लिनजवळच्या पॉट्सडॅमला जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मनं ऑस्ट्रियाच्या राजदूताला सांगितलं, काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. या शब्दाशिवाय व्हिएन्नाची सर्बियावर जायची छाती नव्हती. २३ जुलैला संध्याकाळी व्हिएन्नाकडून सर्बियाला ४८ तासांच्या मुदतीचा निर्वाणीचा खलिता गेला. सर्बियानं जवळजवळ सगळं कबूल केलं. ऑस्ट्रियाचे अधिकारी आमच्या हद्दीत न्यायालयीन तपासात भाग घेणार, एवढ्यालाच ठाम नकार दिला. २८ तारखेला सकाळी ते उत्तर वाचून कैसरनं स्वतः समासात लिहिलं, की आता युद्धाचं कारणच उरलं नाही. सर्बियाची राजधानी बेलग्रेड ताब्यात घ्या आणि तिथंच थांबा, असा सल्ला व्हिएन्नाला द्यायला त्यानं सांगितलं. चॅन्सेलर बेथमान-होलवेगनं तो सल्ला रात्री धाडला, तोही पाणी घालून. तोवर ऑस्ट्रियानं तारेनं युद्ध पुकारलेलं होतं.

आणि १ ऑगस्टची संध्याकाळ. लंडनहून जर्मन राजदूताची तार आली, की फ्रान्सवर हल्ला केला नाही तर ब्रिटन तटस्थ राहील. कैसर खूष झाला, म्हणाला सगळं सैन्य पूर्वेला वळवा. सेनाप्रमुख मोल्टके म्हणाला, अशक्य; लाखो माणसांची हालचाल आयत्या वेळी बदलता येत नाही. तरी फ्रान्सच्या वाटेवरच्या लक्झेंबर्गमध्ये शिरू नका असा हुकूम निघालाच. तोपर्यंत एका तुकडीनं सरहद्दीपलीकडचं रेल्वे स्टेशन घेतलेलं होतं. अर्ध्या तासानं मागून मोटारी आल्या, चूक झाली म्हणत आधीच्यांना माघारी घेऊन गेल्या. मग रात्री अकराच्या सुमारास कळलं, की लंडनच्या राजदूताचाच गैरसमज झाला होता. कैसर मोल्टकेला म्हणाला, आता काय हवं ते कर.

घाटवाट:
जर्मनीवर सगळं ढकलून रशिया मोकळा कसा? २९ जुलैला रशियाचा सम्राट झारनं पूर्ण सैन्यभरतीचा, म्हणजे राखीव शिपायांसकट सगळं सैन्य युद्धासाठी गोळा करायचा, हुकूम दिला, त्याच रात्री विल्हेल्मची तार वाचून मागे घेतला. म्हणजे थांबता येत होतं. ३० तारखेला दुपारी परराष्ट्रमंत्री साझोनोव्ह झारच्या पीटरहॉफ राजवाड्यावर गेला, तासभर बसून झारचं मन वळवलं आणि तिथूनच सेनाप्रमुख यानुश्केविचला फोन केला. यानुश्केविचनं आधीच सांगून ठेवलं होतं, एकदा हुकूम मिळाला की मी माझा टेलिफोन फोडून टाकीन, म्हणजे पुन्हा रद्द करायला कुणी मला गाठू शकणार नाही. हे वाचल्यावर मला दोन रात्री झोप नव्हती. लाखो घरांचा निकाल, आणि अडसर काय, तर फोन वाजेल ही भीती!

पानगळ:
@घाटवाट, रशियाचं सैन्य सरहद्दीवर जमून आठवडेच्या आठवडे नुसतं उभं राहू शकत होतं. जर्मनीच्या योजनेत मात्र सैन्यभरती म्हणजे लगेच बेल्जियममधल्या लिएजवर चाल. भांडण बाल्कनमधलं आणि आधी तुडवला गेला बेल्जियम. हा फरक लहान नाही.

तळकोकण:
फोन, तारा, मोटारी सगळं ठीक. पण हे सगळे एकाच मुशीतले का निघाले? सर्बियापुढे नमतं घेतलं तर आपण मोठी सत्ता उरणार नाही, ही धास्ती व्हिएन्नाला. बोस्नियावरून माघार घ्यावी लागली तशी, १९०८-०९ सारखी, पुन्हा नामुष्की नको, ही सेंट पीटर्सबर्गला. ती धास्ती साम्राज्याच्या पोटातूनच येते. माणसं बदलली असती तरी तेच झालं असतं.

कृष्णाकाठ:
नाही, माणसं बदलल्यानं फरक पडला असता. हंगेरीचा पंतप्रधान तिसा ७ जुलैच्या बैठकीत एकटा विरोधात बसला, आणि त्याच्या एका नकारापायी ते अवाढव्य साम्राज्य १४ तारखेपर्यंत अडलं. तो शेवटी वाकला, हे दुर्दैव. त्याच्यासारखा दुसरा माणूस असता तर? तिसरा? धास्तीचा मुद्दा मात्र माझ्याकडून सुटला होता, तो तळकोकण यांचा बरोबर आहे. पानगळ यांचा लिएजचाही मान्य.

पाटीवर नावं नाहीत, पण गावात दोन घरी त्या लढाईची पदकं आहेत. त्यांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. रविवारी जाऊन उतरवून आणतो.