कोकण किनाऱ्याचे फोटो: गाइडबुक की पंचांग?

सागरगोटा
कोकणात कॅमेरा घेऊन निघालेले लोक हल्ली हमखास विचारतात, "कुठलं गाइडबुक चांगलं?" माझ्या मते कुठलंच नको, घरातलं कॅलेंडर न्या.

पुस्तकात जागा मिळतात. हर्णै, आरे-वारे, कुणकेश्वर, निवती. पण समुद्राच्या फोटोत पाणी कुठवर आलंय यावर सगळं असतं, आणि ते पुस्तकात छापून ठेवता येत नाही. कोळी लोकांचा हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा (पौर्णिमा आणि अमावस्या दोन्ही पंधरा धरून), पूर्ण भरतीची वेळ मिळते. त्यात सहा तास आणि थोडं मिळवलं की ओहोटी. पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराला भरती, म्हणजे साडेपाचच्या सुमारास तळाची ओहोटी. सूर्यास्ताला खडपं, म्हणजे किनाऱ्याचे खडक, उघडी आणि ओल्या वाळूत अख्खं आकाश. अष्टमीला त्याच जागी सहा वाजता भरती. मग पुस्तकातलं चित्र शोधत बसा!

शिवाय पुस्तक वाचून सगळे एकाच दगडावर ट्रायपॉड रोवतात. आरे-वारेच्या घाटातून दिसणारा तो वळणदार किनारा आता इतक्या वेळा पाहिलाय की कंटाळा आला.

पाऊलवाट
पाऊणपट ठीक, पण जायचं कुठे हे पंचांग सांगतं का? पुण्या-मुंबईहून दोन दिवसांची सुट्टी काढून येणाऱ्याला गणपतीपुळ्याच्या पुढे काही आहे हेच माहीत नसतं. कशेळीची देवघळी किंवा आंबोळगड तो कसा शोधणार? आणि कोकणात अंतर किलोमीटरमध्ये मोजून चालत नाही, मध्ये खाड्या आहेत. दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगडची फेरीबोट चुकली तर लांबचा वळसा, आणि सूर्यास्त गाडीच्या काचेतून. चांगलं पुस्तक हे आधीच सांगतं. एकाच दगडावर सगळे उभे राहतात हा दोष दगडाचा किंवा पुस्तकाचा नाही, उभं राहणाऱ्याचा आहे.

तिरफळ
सागरगोटा, तुमचं अष्टमीचं उदाहरण अर्धवट आहे. अष्टमीला भांगाचं, म्हणजे कमी चढउताराचं पाणी असतं. भरती सहाला येईल, पण पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणासारखी चढणार नाही, आणि ओहोटीही फार मागे जाणार नाही. नुसती वेळ काढून भागत नाही, पाणी किती चढणार तेही बघा.

आणि हे गणित सगळ्या किनाऱ्याला सारखं लावू नका. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वरखाली होतं, मालवणकडे साधारण त्याच्या निम्मं. म्हणून अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं आणि सिंधुदुर्गाला होडीच लागते. वेळही अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होते. खडपांवर लाँग एक्स्पोजर लावून पाठ समुद्राकडे करणाऱ्यांनी तर फक्त पाऊणपटीवर मुळीच विसंबू नये.

सागरगोटा
भांगाचं बरोबर. पण तुम्ही जे सांगितलंत तेही कुठल्या फोटो-गाइडमध्ये वाचलंत का?

मावळतीकर
दोन्ही बाजू महिना विसरताहेत. आपल्या अक्षांशाला जून आणि डिसेंबरमध्ये सूर्य मावळण्याच्या दिशेत जवळजवळ पन्नास अंशांचा फरक पडतो. डिसेंबरात तो नैऋत्येकडे सरकलेला असतो. मोकळ्या लांब पुळणीवर काही बिघडत नाही, पण देवघळीसारख्या कड्यांत अडकलेल्या जागी एखाद्या महिन्यात सूर्य समुद्रात बुडेल आणि एखाद्या महिन्यात कड्याआड जाईल. पुस्तकात फक्त "सूर्यास्त अप्रतिम" असं लिहिलेलं असतं.

किनारा पश्चिमेचा, म्हणून सगळे संध्याकाळच्या मागे. सकाळी ऊन डोंगरामागून येतं, कडे बराच वेळ सावलीत राहतात, हे खरं. पण खाडीकडे तोंड करा की! देवबागला एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधली जमीन चिंचोळी. सकाळ नदीवर, संध्याकाळ समुद्रावर, आणि मुक्काम एकच.

रापणकार
मी मालवणचो. तुमचां भांडण चालू दे, पण एक ऐका. पुस्तकात लिहिलेलं असतं, "पारंपरिक मासेमारीची दृश्ये टिपा." मग आम्ही रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतो आणि दोरीच्या वाटेत ट्रायपॉड. बाजूला व्हा म्हटलं की "दोनच मिनिटं हं." वेळासला कासवाच्या पिल्लांवर फ्लॅश मारू नका, असं सांगून सांगून लोकांचा घसा बसतो. गाइडबुकात "इथून फोटो काढा" असतं, "इथे विचारून काढा" हे का नसतं? विचारलंत तर कोणी नाही म्हणत नाही, वर भरती किती वाजता तेही सांगेल.

पाऊलवाट
हे मात्र पुस्तकांनी छापायलाच हवं, आणि पहिल्या पानावर. तरी पुस्तक नकोच, हे मला पटत नाही. कोकणात पहिल्यांदा येणारा माणूस कोणाला विचारायचं हेही जाणत नसतो.

सागरगोटा
रापणकारांचं शंभर टक्के मान्य. पाऊलवाट, तुमचं अजून नाही. येत्या अमावस्येला दापोलीहून वेळणेश्वरला जातोय. दाभोळची शेवटची फेरीबोट किती वाजता, तेवढं तुमच्या पुस्तकात बघून सांगा.

पाऊलवाट
माझी आवृत्ती जुनी आहे. धक्क्यावर फोन करून विचारा.